रविवारची गोळी अन् आमच्या वावरातली हळद

प्रति,
वसमतच्या हळद संशोधन केंद्रातले साहेब लोक, अन् मराठवाड्यातल्या मेडिकल, आयुर्वेद, फार्मसी कॉलेजात शिकवणारे, गाईड असणारे, पेपर छापणारे सगळे सर अन् मॅडम,

नमस्कार.

मी वसमत तालुक्यातला हळदवाला. दोन एकर सेलम जातीची हळद आहे, अन् गावात बाजाराच्या रस्त्याला छोटंसं मेडिकल आहे, बी.फार्म नांदेडला केलंय. म्हणजे सकाळी हळदीला पाणी अन् दुपारनंतर काउंटर असा दोन्ही डगरींवर पाय असलेला माणूस आहे, अन् हे पत्रबी तसंच आहे, थोडं शेतकऱ्याचं, थोडं मेडिकलवाल्याचं अन् बरंचसं एका पेशंटच्या पोराचं. मायचा रुमेटॉइड संधिवात, अन् त्याच्यावर हळद-झाडपाला खरंच चालतोय का हे तुम्ही मोजून बघा, हा विषय. लांबलंय, पण वाचा.

२०१९ साली महालक्ष्म्यांच्या आधी गावात कासारीण आली, दरवर्षी येती तशी, अन् मायनं हिरव्या बांगड्या भरायला हात पुढं केला. कासारणीनं नेहमीसारखा पंजा दाबून अंगठा आत घेतला तशी माय अशी किंचाळली की शेजारची माणसं पळत आली. बांगडी गाठीवरून गेलीच नाही. बोटं जिथं पंजाला जोडलेली असतेत त्या उंचवट्यांवर सूज होती, दोन्ही हाताला सारखीच, अन् घरात आम्ही चार माणसं असून कुणाच्या ध्यानात नव्हतं. मग ती सांगायला लागली की सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठच वळत नाही, म्हणून ती पीठ मळून तशीच चुलीपुढं बसायची, हात धगीला धरून, बोटं मोकळी झाली की मग भाकरी थापायची. आम्हाला वाटायचं चूल पेटायला उशीर होतोय.

आता यातली शरमेची गोष्ट सांगतो. मी फार्मसी शिकलेला माणूस, अन् मी तिला जवळजवळ दीड वर्ष काउंटरवरून डायक्लोफिनॅक ही पेनकिलरच देत राहिलो, सोबत पोटात जळजळ नको म्हणून एक गोळी, बस. कारण आपल्याकडं सगळ्याला एकच शब्द, वात. आजीचे गुडघे झिजले, वात. आबांची कंबर धरली, वात. मायची बोटं सुजली, तोबी वातच. आजीचे गुडघे म्हणजे वयानं झालेली झीज, अन् मायचं दुखणं म्हणजे अंगातलीच राखण करणारी फौज उलटून सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडायली, हे दोन आजार म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक, पुस्तकात मी हे पाठ केलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंबी होतं, अन् घरात ओळखू शकलो नाही. ह्या मायच्या आजाराचं नाव रुमेटॉइड, अन् रुमेटॉइडमधी दुखणं कमी होणं अन् आजार थांबणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेनकिलरनं दुखणं दबतंय, आत हाड कुरतडणं चालूच राहतंय. अन् सुरुवातीचे काही महिनेच मोलाचे असतेत, तेव्हा नीट औषध चालू झालं तर बोटं वाचतेत. आम्ही ते महिने वाया घालवले.

त्याच्यावर कडी म्हणजे पुडी. एका आठवडी बाजारात एकजण कागदाच्या पुड्या बांधून द्यायचा, जडीबुटी म्हणून, करड्या रंगाची भुकटी, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर मधातून. मावशीनं आणून दिली. मी नको म्हणलो पण जोर लावून म्हणलो नाही, कारण तिसऱ्या दिवशी माय अंगणात सडा टाकायली होती, गाणं गुणगुणत. आता तुम्हीच सांगा, अशा वेळेला पोरगं काय बोलणार? पाच महिन्यात तोंड गोल झालं, मानेवर चरबी चढली, शुगर जी कधी नव्हती ती निघाली. अन् एक दिवस पुड्या संपल्या, तो बाजारात आला नाही, तर तीन दिवसात माय अंथरुणातून उठेना, चक्कर, उलट्या, बीपी एकदम खाली. नांदेडला नेलं तर डॉक्टरांनी तोंड बघूनच विचारलं, काय घेत होता? त्यांचा अंदाज स्टेरॉइडचा होता अन् सगळी लक्षणंबी तीच. माझ्याकडं दोन पुड्या उरलेल्या होत्या, म्हणलं तपासून घेऊ, तर त्या कुठं द्यायच्या, पैसे किती, रिपोर्ट कोण देणार, हे मला चार ठिकाणी विचारून कुणी सांगू शकलं नाही. त्या दोन पुड्या अजून माझ्या ड्रॉवरमधी आहेत, रबर लावून.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण ती भुकटी विकली गेली ती 'झाडपाल्याची' म्हणून. तुम्ही लोक झाडपाल्यावरच संशोधन करता, म्हणून तुमच्या अन् त्या बाजारातल्या माणसाच्या मधी जी भिंत पाहिजे ती आम्हाला दिसत नाही. ती भिंत बांधा, एवढंच मागणं आहे. बाकी पत्र त्याच भिंतीचं आहे.

पुढं रुमेटॉइड ओळखायच्या रक्ताच्या तपासण्या, आरए फॅक्टर अन् अँटी सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह आल्या, अन् मायला आजार थांबवणारं मेथोट्रेक्सेट चालू झालं. आठवड्यातून एकदाच घ्यायची, म्हणून आमच्या घरी तिचं नाव 'रविवारची गोळी'. हे नाव मी मुद्दाम पाडलं अन् आता काउंटरवरबी सगळ्यांना तेच सांगतो, कारण एक आजी ती गोळी रोज घ्यायची, कुणी नीट सांगितलंच नव्हतं, तोंडात फोड येऊन रक्तातल्या पेशी घसरल्यावर कळलं. अन् दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिडची पिवळी गोळी. ह्या दोन गोळ्यांचं नातं मला लय आवडतंय. १९३० च्या आसपास लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत गिरणीतल्या गरोदर बायांच्या रक्तक्षयावर काम करायल्या होत्या, त्यांना यीस्टच्या अर्कानं गुण येतोय असं दिसलं, पुढं १९४१ ला तेच द्रव्य पालकाच्या पानातून वेगळं काढलं अन् पानावरूनच त्याला फॉलिक नाव पडलं. अन् मग त्या द्रव्याची नक्कल करून त्याचंच काम अडवणारी औषधं अमेरिकेत बनली, त्यात आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमचा मोठा हात, त्यातलंच एक मेथोट्रेक्सेट. म्हणजे मायची 'केमिकलची' गोळी सुद्धा पालकाच्या पानाच्या खानदानातलीच निघाली. आबांना हे सांगितलं तर म्हणले, मग पालकच खाऊ की! तिथंच सगळी गंमत आहे. पान अन् औषध ह्यांच्या मधी जे होतंय, ते काम तुमचं.

आता हळद.

मायच्या आजाराचं नाव गावात कळलं तसं जो तो हळद सांगायला लागला, अन् सांगणार तरी कुणाला, हळदवाल्याच्या घरी! आबांची तर छाती फुगली, म्हणायचे आपल्या वावरात औषध पिकायलंय अन् आपण नांदेडला पैसे घालायलोत. २०२४ ला वसमतच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालाची सरकारी ओळख, मिळालं तेव्हा तर विचारूच नका. मीबी खरं सांगतो, मलाबी हवं होतं की हे खरं निघावं. हळदीनं संधिवात बरा होतोय असं उद्या सिद्ध झालं तर मोंढ्यात माझ्या हळकुंडाला भाव कोण देणार नाही? मायबी बरी अन् मालबी महाग. म्हणून मी वाचायला लागलो, रात्री दुकान बंद केल्यावर, मोबाईलवर, अन् जे वाचलं ते सांगतो. माझं कुठं चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा, तुम्हाला लिहायचं तेबी एक कारण आहे.

पहिलं म्हणजे हिशेब. हळदीतलं कामाचं द्रव्य करक्युमिन, ते वाळल्या हळदीत साधारण तीन टक्क्याच्या आसपास असतंय, कमी-जास्त. समजा पेशंटला दिवसाला एक ग्रॅम करक्युमिन द्यायचं ठरवलं, तर तेहेतीस ग्रॅम हळद रोज खावी लागती, महिन्याला किलोभर. भाजीतली चिमूट अन् रात्रीचं हळदीचं दूध ह्याच्यात ते बसत नाही. दुसरं, पोटात गेलेलं करक्युमिन रक्तात फार कमी उतरतंय, आतड्यात अन् लिव्हरमधी त्याची वासलात लागती. १९९८ ला बंगळुरूच्या लोकांनी मिऱ्यातलं पिपरिन सोबत देऊन बघितलं, तर माणसात करक्युमिनचं प्रमाण वीस पट वाढलं. वीस पट ऐकून माणूस चाट पडतोय, पण मुळात जे जवळजवळ शून्य त्याची वीस पट किती, हेबी बघायला पाहिजे की नाही? अन् पिपरिन लिव्हरचं औषधं मोडायचं कामच हळू करतंय, मग सोबतच्या बाकी गोळ्यांचं काय होतंय, ते कॅप्सूलच्या डबीवर कुणी लिहीत नाही.

केरळमधी ४५ रुमेटॉइडच्या पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१२ ला छापून आला. पंधरा जणांना करक्युमिन, पंधरा जणांना डायक्लोफिनॅक, पंधरा जणांना दोन्ही. करक्युमिनवाल्यांची सुधारणा सगळ्यात चांगली निघाली. आता ही बातमी फिरतीय ती 'हळद पेनकिलरपेक्षा भारी' अशी. पण पंधरा माणसं म्हणजे किती हो, आमच्या पारावर संध्याकाळी त्याच्यापेक्षा जास्त असतेत. अन् तुलना झाली ती डायक्लोफिनॅकशी, जे आजार थांबवतच नाही. हाड कुरतडणं थांबलं का, हा प्रश्न त्यात नव्हताच. एजंट लोक मात्र हाच अभ्यास दाखवून माझ्या दुकानात पंचाण्णव टक्के करक्युमिनच्या डब्या ठेवायला येतेत, मार्जिन चांगलं देतेत. मी सहा महिने ठेवल्या होत्या. विकल्यासुद्धा.

बंद का केल्या ते सांगतो. अमेरिकेत औषधांनी लिव्हर बिघडलेल्या लोकांची नोंद ठेवणारं एक मोठं जाळं आहे, त्यांनी हळदीच्या कॅप्सूलनं लिव्हर सुजलेल्या दहा जणांची माहिती २०२२ ला दिली, त्यातल्या पाच जणांना अ‍ॅडमिट करावं लागलं, एक दगावला. तपासलेल्या सात कॅप्सूलींपैकी तीनमधी मिरीबी होती, अन् दहापैकी सात जणांत एक ठराविक जीन सापडला. इटलीतबी अशा केसेस झाल्या. आता हे वाचून कुणी वरणातली हळद बंद करू नका, वरणात काही होत नाही, पिढ्यान्‌पिढ्या खातोय. पण माझी माय मेथोट्रेक्सेटवर आहे, तिचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, दर दोन-तीन महिन्याला बघावं लागतंय, कारण त्या गोळीचा भार लिव्हरवरच असतोय, अन् मी तिला शेजारच्या कपाटातून दुसरा भार उचलून देणार? अन् एसजीपीटी वाढलं तर डॉक्टर कुणाला दोष देतील? मेथोट्रेक्सेटला. अन् बंद काय करतील? तेच.

असंच गुळवेलीचं. कोरोनात घरोघरी काढे चालू होते, तेव्हा मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटचं लिव्हर कसं सुजलं ते २०२१ ला छापलं, आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद झाला. वाद होऊ द्या, त्याचं काही नाही. पण आमच्यासारख्यांना साधा प्रश्न पडतोय, जी वेल 'इम्युनिटी वाढवती' म्हणून विकली जाती ती ज्याची इम्युनिटीच उलटलीय त्याला द्यावी का? मायला हा प्रश्न चौघांनी चार तऱ्हेनं सोडवून दिला, एकानंबी लिहून दिला नाही.

मी झाडपाल्याच्या विरोधातला नाही हो. ऐकून घ्या. चीनमधी लेई गोंग तेंग नावाची एक वेल आहे, ढगांच्या गडगडाटाच्या देवाची वेल असं काहीतरी नाव होतंय, तिच्या मुळाच्या अर्कावर नीट चाचण्या झाल्या. २००९ ला अमेरिकेत १२१ पेशंटवर तिची तुलना सल्फासॅलाझिनशी केली, म्हणजे खऱ्या आजार थांबवणाऱ्या औषधाशी, तर वेलवाले ६५ टक्के सुधारले अन् गोळीवाले तेहेतीस टक्क्याच्या आसपास. मधीच सोडून गेलेले पेशंटबी भरपूर होते, तेबी त्यांनी लपवलं नाही. २०१४ ला बीजिंगच्या लोकांनी २०७ पेशंटवर तीच वेल मेथोट्रेक्सेटच्या शेजारी ठेवली, एकटी अन् सोबत, तर ती कमी पडली नाही अन् दोन्ही सोबत दिलं तर आणखी चांगलं. मग काय, उद्यापासून सगळ्यांना वेल? नाही. कारण त्याच संशोधनानं हेबी समोर आणलं की तिच्यानं बायांची पाळी बंद पडती, पुरुषांचे शुक्राणू घटतेत, अन् झाडाचे बाकी भाग तर विषारीच आहेत. म्हणजे वेल खरी औषधी निघाली अन् खरी घातकीबी निघाली, दोन्ही एकाच वहीत लिहिलेलं. मला असं पाहिजे. 'नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य जिथं असंल तिथं एकतर इफेक्टच नाही नाहीतर कुणी बघितलंच नाही.

आपल्याकडंबी चांगलं काम झालंय, उगीच नावं ठेवायची नाहीत. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी अश्वगंधा, सालई, सुंठ अन् हळद ह्यांच्या औषधाची १८२ रुमेटॉइड पेशंटवर १६ आठवडे चाचणी केली, २००० साली छापली, कुणाला खरं अन् कुणाला डमी, म्हणजे दिसायला सारखं पण आत औषध नसलेलं, हे डॉक्टरलाबी माहीत नाही अशी. निकाल काय? औषधवाले सुधारले, पण डमी घेणारेबी चांगलेच सुधारले, फरक म्हणावा तितका ठळक निघाला नाही. अन् त्यांनी तसंच छापलं. मी ते वाचून खूश झालो, म्हणलं हा माणूस खरा. ह्याच डॉक्टरांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर सर्व्हे केला होता, चार हजारावर मोठी माणसं, त्यात हजारी पाचजणांना रुमेटॉइड. तोच हिशेब आमच्या गावाला लावला तर दहा-बारा माणसं भरतेत, अन् तेवढी तोंडं मला काउंटरवरून ओळखीची आहेत, त्यातल्या निम्म्यांना नाव माहीत नाही आपल्या आजाराचं. कोईमतूरला आयुर्वेदिक उपचार अन् मेथोट्रेक्सेट अन् दोन्ही सोबत, अशी चाचणी झाली, २०११ ला छापली, तिन्ही गट साधारण सारखेच निघाले. पण सगळे मिळून ४३ पेशंट. ४३ पेशंटवर 'सारखंच' म्हणायला छाती लागती.

सालईचंबी तसंच. अजिंठ्याच्या डोंगराकडं सालईची झाडं आहेत, डिंक धुपाला जळतोय, त्यातलं बॉसवेलिक अ‍ॅसिड सूज आणणारं एक एन्झाइम अडवतंय हे जर्मनीत लॅबमधी दिसलं, अन् त्याच जर्मनीत १९९८ ला ३७ रुमेटॉइड पेशंटवर देऊन बघितलं तर हाती काही लागलं नाही. लॅबच्या बशीत जे होतंय ते मायच्या बोटात होईलच असं नाही, हे मला त्या एका पेपरनं शिकवलं. एरंडाचं तर विचारूच नका. आमवात, म्हणजे आयुर्वेदात अशा संधिवाताला असलेलं नाव, तो अंगाच्या रानात फिरणारा हत्ती अन् एरंडेल म्हणजे त्याला मारणारा सिंह अशी उपमा जुन्या ग्रंथात आहे, आमच्या आजीला ती तोंडपाठ नव्हती पण एरंडेल तिनं सगळ्या घराला पाजलंय. बांधावर एरंड आहे, निरगुडी आहे, काय नाही आपल्याकडं. पण सिंह खरंच हत्तीला मारतोय का हे मोजून बघितल्याशिवाय नुसती उपमाच देत राहिलो तर ते एरंडाचं गुऱ्हाळच की.

हळदीचं पेटंट आठवतंय का? जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ ला अमेरिकेत दोघांना मिळालं होतं अन् डॉ. माशेलकर सीएसआयआर ह्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेचे प्रमुख असताना आपण भांडून १९९७ ला ते रद्द करून आणलं. शाळेत आम्हाला गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तिथं आपण जुने ग्रंथ, जुने छापील पुरावे दाखवले अन् जिंकलो, कारण तिथं एवढंच सांगायचं होतं की हे आम्हाला आधीपासून माहीत आहे. आता प्रश्न वेगळा आहे. आता विचारायलेत, चालतंय का? किती? कुणाला? किती दिवस? ह्याला ग्रंथ पुरत नाही, इथं मोजायलाच लागतंय. आपण मात्र दरवेळेला पेटंटची गोष्ट सांगतोय अन् खाली बसतोय.

म्हणून साहेब, मागणं असंय की मराठवाड्यात एक तरी चाचणी अशी करा की जी आमच्या मातीतल्या हळदीची अन् आमच्याच पेशंटची असंल, पण मेथोट्रेक्सेट काढून नाही, मेथोट्रेक्सेट चालू ठेवून, वरून हळदीचा मोजलेला अर्क निम्म्यांना अन् निम्म्यांना डमी. डमी बनवायला तुम्हाला अक्कल लढवावी लागणार हे मला माहितीय, हळद लपत नाही, बोटाला लागती, ढेकर दिला तरी कळती, बाहेरून काही दिसू नये अशी कॅप्सूल लागणार. पण कसंबी करून तुम्ही हळद लपवा. पंधरा-वीस पेशंटवर नका उरकू, एकट्या कॉलेजला जमत नसंल तर चार कॉलेजं मिळून करा, वसमतचं केंद्र हळद देईल, आयुर्वेदवाले अन् अ‍ॅलोपॅथीवाले एका खोलीत बसतील, एवढंच अवघड आहे, बाकी सोपंय. अठ्ठावीस सांधे दाबून मोजा, रक्तात सूज दाखवणारं सीआरपी बघा, सहा महिने तरी चालवा, एक्स-रे काढा, अन् लिव्हर दर महिन्याला तपासा, नंतर नाही. आधी देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नाव घाला, २००९ पासून ते सक्तीचंच आहे, म्हणजे निकाल मनासारखा आला नाही म्हणून फाईल गुंडाळून ठेवता येणार नाही.

अन् निकाल उलटा आला तर उलटाच सांगा. हळदवाल्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, आम्ही भावाच्या पडझडीतून उठलेली माणसं आहोत, एका पेपरनं मरत नाही. आमची हळद वरणात खपती, लग्नात खपती, देवाला लागती. ती औषध नाही निघाली तरी पिवळीच राहणार. मोंढ्यात आजबी भाव ठरतोय तो हळकुंडाची लांबी, पॉलिश अन् रंग बघून, आत करक्युमिन किती हे माझ्या मालाचं मला कधी कुणी सांगितलं नाही, तेवढं जरी तुम्ही वावरागणिक मोजून द्यायला लागलात तर अर्ध्या शेतकऱ्यांचं भलं होईल, औषध निघो न निघो.

आणखी एक, अन् हे सगळ्यात आधी झालं तरी चालेल. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी एक खिडकी पाहिजे की जिथं माणूस पुडी घेऊन जाईल अन् त्यात स्टेरॉइड आहे का, पेनकिलर घोटून घातलंय का, हे आठ दिवसात कळेल. फार्मसी कॉलेजांकडं मशीनी आहेत, पोरांना प्रोजेक्टला विषय पाहिजेच असतेत, दरवर्षी तेच तेच उंदराच्या पंजाची सूज मोजण्यापेक्षा एका बॅचला बाजारातल्या पुड्या तपासायला लावा की. मी स्वतः बी.फार्मला निरगुडीच्या पानांचा अर्क काढून उंदीर मोजलेत, मार्क चांगले पडले, पण त्याचं पुढं काय झालं ते ना सरांना माहीत ना मला. सुरुवात माझ्या ड्रॉवरमधल्या दोन पुड्यांपासून करा.

अन् जे काय सापडंल ते मराठीत सांगा, इंग्रजी पेपर छापून झाला की एक कागद मराठीत, आशाताईंना समजंल असा, मेडिकलवाल्यांना भिंतीवर लावता येईल असा. त्यात गुडघ्याची झीज अन् रुमेटॉइड वेगळं हे असू द्या, सकाळी तासभर बोटं आखडत असतील, दोन्ही हाताला सारखी सूज असंल तर गोळ्या खात बसू नका, रक्त तपासा, हे असू द्या. अन् चालू असलेली गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका हे मोठ्या अक्षरात. मेथोट्रेक्सेटची एक गोळी हॉटेलातल्या एका चहाच्या आसपास पडती, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तिला कुणी एजंट नाही, तिची कुणी जाहिरात करत नाही, म्हणून ती हरती.

पी हळद अन् हो गोरी ही म्हण आपल्याच लोकांनी केलीय, म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. मायला मी ही म्हण ऐकवली तर ती हसली अन् म्हणली, गोरं कुणाला व्हायचंय रे, मूठ वळली तरी बास. तिची उजव्या हाताची दोन बोटं आता वाकडीच राहणार, ते डॉक्टरांनी सांगितलंय. पण बाकीची सूज उतरलीय, भाकरी मोठ्या नाही पण थापती, अन् बांगड्या कासारणीकडून एक नंबर मोठ्या मापाच्या घेती, साबण लावून.

तुमच्यापैकी कुणाला तिची फाईल बघायची असंल तर सगळे रिपोर्ट तारखेनं लावून ठेवलेत. हळदीचा नमुना पाहिजे असंल तर फेब्रुवारी-मार्चमधी या, आखाड्यावर कुकर लागलेला असतोय, शिजल्या हळदीचा वास रस्त्यापर्यंत येतोय, पत्ता विचारायची गरज नाही. फक्त सोमवारी नका येऊ. रविवारच्या गोळीनं दुसऱ्या दिवशी तिला मळमळतंय, ती पडून राहती, अन् पाहुणा आला की ऐकत नाही, उठून चहाला लागती.

तुमचा,
वसमत तालुक्यातला एक हळदवाला, मेडिकलवाला